लाइफबॉयच्या रिंगवर व्हील मार्क: पहिल्या विचारणेपासून पहिल्या लॉटपर्यंत

लाइफबॉय म्हटलं की आपल्याकडे आधी साबण आठवतो. इथे विषय आहे जहाजाच्या कठड्याला टांगलेल्या नारिंगी रिंगचा. कारखान्यात आम्ही तिला रिंगच म्हणतो, म्हणून पुढेही तसंच लिहितो.

प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, माल चांगला निघतो, आणि एके दिवशी परदेशातून एका ओळीची मेल येते: 'व्हील मार्क आहे का?', म्हणजे युरोपातल्या जहाजांवर लागणारं मान्यतेचं चिन्ह आहे का? अशी मेल आलेल्यांसाठी, किंवा अशा युनिटच्या क्वालिटी विभागात नुकतंच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला रिंग घेतली, कारण तिच्यात मोटर नाही, सर्किट नाही, औषध नाही. फायर होज असो, लाइफजॅकेट असो की रेडिओ, वाट हीच असते. चाचण्या तेवढ्या बदलतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या. प्रमाणपत्र मिळतं ते तुमच्या कंपनीला नव्हे, आणि 'रिंग' नावाच्या मालालाही नव्हे. एका ठरावीक ड्रॉइंगवरच्या, ठरावीक फोमच्या, ठरावीक दोरीच्या रिंगला ते मिळतं. पुढची सगळी धावपळ कागदावरची रिंग आणि हातातली रिंग एकच आहे हे दाखवण्यासाठी असते.

आधी झेंडा विचारा

ग्राहक कोणत्या देशात बसलाय याला इथे फारशी किंमत नाही. जहाज कोणत्या झेंड्याखाली नोंदलंय ते विचारा. रॉटरडॅमचा दुकानदार तुमची रिंग पनामाच्या झेंड्याच्या जहाजाला विकू शकतो आणि दुबईतला एजंट माल्टाच्या जहाजाला.

युरोपीय संघातल्या देशाचा झेंडा असेल तर २०१४/९०/ईयू हा मरीन इक्विपमेंट डायरेक्टिव्ह लागू होतो. बोलताना सगळे 'एमईडी' म्हणतात. १९९६ सालच्या जुन्या डायरेक्टिव्हची जागा याने घेतली आणि १८ सप्टेंबर २०१६ पासून हाच चालतो. याच्याखाली मिळणारं चिन्ह म्हणजे व्हील मार्क, जहाजाच्या सुकाणूच्या चाकाचं चित्र. भारतीय झेंड्याच्या जहाजाला मुंबईच्या डीजी शिपिंगची, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याची, मान्यता लागते; १९९१ चे लाइफ सेव्हिंग अप्लायन्सेसचे नियम तिथे बघावे लागतात. ब्रिटनने संघ सोडल्यावर स्वतःचं वेगळं चिन्ह सुरू केलं. अमेरिकेत कोस्ट गार्डची मान्यता चालते; युरोप आणि अमेरिकेत २००४ साली झालेल्या परस्पर मान्यतेच्या करारात काही वस्तू येतात, सगळ्या नाहीत. बाकीच्या बऱ्याच झेंड्यांना व्हील मार्क चालतो, पण 'चालतो' हे ग्राहकाकडून लेखी घ्या. फोनवरचं 'हो हो, चालेल' जहाजावर चढताना कुणाला आठवत नाही.

सगळ्यांच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे: १९७४ चं सोलास (समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार), त्याखालचा एलएसए कोड (जीवरक्षक साधनांचे नियम) आणि चाचण्यांसाठी एमएससी.८१(७०) हा ठराव. म्हणून चाचण्या एकदा नीट केल्या तर त्यांचे रिपोर्ट चार ठिकाणी दाखवता येतात. मान्यता मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी घ्यावी लागते.

झेंडा कळला की यादीतला नंबर शोधा. एमईडीची वस्तूंची यादी दरवर्षी नव्याने निघते आणि तिच्यात लाइफबॉय एमईडी/१.१ वर आहे, अगदी पहिलाच. त्या ओळीत कोणता नियम, कोणती चाचणी आणि कोणती मॉड्यूल्स, म्हणजे तपासणीच्या ठरलेल्या पद्धती, चालतात ते दिलेलं असतं. मागच्या वर्षीची पीडीएफ वापरू नका.

नियम स्वतः वाचा, दुसऱ्याचा गोषवारा नको

एलएसए कोडमधला रिंगबद्दलचा मजकूर पानभरसुद्धा नाही. बाहेरचा व्यास ८०० मिमीपेक्षा जास्त नको, आतला ४०० मिमीपेक्षा कमी नको. वजन किमान २.५ किलो. ज्या रिंगला ब्रिजवरून (जहाज चालवायच्या खोलीपासून) सोडायचा धूर-सिग्नल जोडायचा आहे तिचं वजन त्याला ओढून नेण्याइतकं हवं, म्हणून तिथे साधारणपणे किमान ४ किलो धरतात. रिंग स्वतःच्या अंगाने तरंगणारी हवी; लव्हाळं, बुचाचा भुगा, सुटे दाणे किंवा हवा भरायची पिशवी आत चालत नाही. गोड्या पाण्यात १४.५ किलो लोखंड घेऊन २४ तास तरंगली पाहिजे.

या १४.५ चा हिशेब एकदा हाताने करून बघा. लोखंड पाण्यात गेलं की सुमारे १.८५ लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे रिंगला खाली ओढणारा भार साधारण १२.६५ किलो उरतो. त्यात रिंगचं स्वतःचं २.५ किलो मिळवा: १५.१५ किलो, म्हणजे तेवढेच लिटर पाणी. रिंगचं आकारमान याच्या खाली गेलं तर कोणताही फोम भरा, ती बुडणार. रिंग ४ किलोची केली तर हाच आकडा १६.६५ वर जातो. 'वजन वाढवलं की मजबूत' असं म्हणून टरफल जाड करणारे लोक इथे फसतात.

दुसरी जागा ग्रॅबलाइनची, म्हणजे रिंगभोवतीच्या पकडायच्या दोरीची. दोरी किमान ९.५ मिमी जाडीची, लांबी बाहेरच्या व्यासाच्या किमान चौपट, आणि चार सारख्या अंतरावर बांधून चार सारखे लूप. आमच्याकडे एका नव्या मुलाने दोरी रिंगभोवती टापटीप ताणून बांधली होती. दिसायला सुरेख. पण ७२० मिमी व्यासाच्या रिंगचा परीघ जेमतेम २२६० मिमी, आणि नियमाला हवी २८८० मिमी. दोरी लोंबायलाच हवी. बुडणाऱ्याचा गारठलेला हात तिच्यातून आत गेला पाहिजे. तेव्हापासून असेंब्लीवर मी एकच वाक्य सांगतो: एक लूप, एक व्यास. ७२० ची रिंग, तर प्रत्येक लूपला ७२० मिमी दोरी, आणि बांधायला लागते ती वेगळी.

फाइल

चाचणीला पळण्याआधी टेक्निकल फाइल तयार करा. तिच्यात ड्रॉइंग (रिव्हिजन नंबर आणि तारखेसह), मटेरियलची यादी, प्रत्येक मटेरियलचं सप्लायरचं सर्टिफिकेट, मोल्डिंग आणि फोम भरण्याची पद्धत, तपासणीचा तक्ता, लेबलचं आर्टवर्क, बसवण्याच्या आणि देखभालीच्या सूचना इतकं हवं. मटेरियलच्या यादीत 'पीयू फोम' एवढंच लिहून चालणार नाही. कोणाचा, कोणत्या ग्रेडचा, किती घनतेचा, तेही लिहा. चकाकणारी टेप साधी रस्त्यावरची नको. जहाजी वापराची मान्यता असलेलीच टेप घ्यायची आणि सुमारे ५ सेंमी रुंदीने चार सारख्या अंतरावर लावायची. टेपचं सर्टिफिकेटही फाइलमध्ये जातं.

फाइल करताना कंटाळा येतो, येऊ द्या. पुढे दोन वर्षांनी एखादा प्रश्न आला तर ही फाइल आणि तुम्ही, एवढेच साक्षीदार असता.

नोटिफाइड बॉडी आणि तिकडचा प्रतिनिधी

व्हील मार्कसाठी तपासणी करणाऱ्या संस्थेला नोटिफाइड बॉडी म्हणतात. युरोपीय देशांनी नेमलेल्या या संस्थांना चार आकडी नंबर असतो. ब्यूरो व्हेरितासचा ००६२, रीनाचा ०४७४. मोठ्या क्लास सोसायट्यांची (जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या संस्थांची) ऑफिसं मुंबईत आहेत, त्यामुळे सर्वेअरला, म्हणजे त्यांच्या तपासनिसाला, युरोपातून बोलवावं लागत नाही. तीन ठिकाणांहून कोटेशन जरूर घ्या, पण अर्ज एकाच ठिकाणी करा. हाच अर्ज दुसरीकडे केलेला नाही, असं अर्जातच लिहून द्यावं लागतं.

कोटेशन वाचताना फी कमी की जास्त यापेक्षा तिच्यात काय धरलंय ते बघा. चाचणीला सर्वेअर हजर राहण्याचे दिवस, प्रवास, ड्रॉइंग तपासणी आणि दुरुस्तीच्या फेऱ्या बहुतेक वेळा वेगळ्या लावलेल्या असतात. लॅब कोणती चालेल हेही इथेच पक्कं करा. आयएसओ/आयईसी १७०२५ ची मान्यता असलेली लॅब लागते. आपल्याकडे ती एनएबीएलकडून, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाकडून, मिळते. मान्यतेच्या यादीत तुमची चाचणी आहे का, ते बघायचं राहून जातं. लॅब मान्यताप्राप्त असते, पण प्लास्टिकच्या ताणासाठी. ३० मीटरवरून रिंग टाकण्यासाठी नव्हे.

नवख्यांच्या लक्षात न येणारी एक अट: कारखाना युरोपीय संघाबाहेर असेल तर संघातला एक अधिकृत प्रतिनिधी लेखी करार करून नेमावा लागतो. तिकडच्या यंत्रणेने कागद मागितले तर ते द्यायचं काम त्याचं. दरवर्षीचा हा खर्च पहिल्या रिंगच्या किमतीतच धरा.

चाचण्या: दोन रिंगांचे हाल

टाइप टेस्टला, म्हणजे नमुन्याच्या चाचणीला, दोनच रिंगा लागतात. पण त्या दोघींवर एकामागून एक जे होतं ते बघायला कठीण काळीज लागतं.

पहिली पाळी तापमानाची. ८ तास +६५ अंश, मग खोलीच्या तापमानात दुसऱ्या दिवसापर्यंत, मग ८ तास उणे ३० अंश, पुन्हा खोलीत. अशा दहा फेऱ्या. एका दिवसाला एकच टोक धरलं तर एवढ्याला २० दिवस जातात. ग्राहकाला तारीख देताना सेल्सवाल्यांना हे आधी सांगा, कारण ते 'दोन आठवड्यांत सर्टिफिकेट' असं कळवून मोकळे होतात.

मग ३० मीटरवरून पाण्यात. जहाजावर रिंग त्याहून उंच ठेवायची असेल तर तेवढ्या उंचीवरून. यासाठी क्रेन, खोल पाणी आणि वारा पडलेली सकाळ हवी. एक रिंग शिवाय २ मीटरवरून काँक्रीटवर तीनदा टाकतात. उंचीवरून पडणारी रिंग आडवी आपटली तर आवाज बंदुकीसारखा येतो, आणि शिवणीत कुठे हलका दोष असेल तर तो त्याच क्षणी उघडा पडतो. फोम भरायच्या भोकाचं बूच नीट वेल्ड झालेलं नसेल तर तेही.

त्यानंतर दोघींची वाट वेगळी होते. एक २४ तास डिझेलमध्ये, वर १०० मिमी डिझेल राहील अशी आडवी बुडवलेली; बाहेर आल्यावर फुगवटा, आकुंचन, चीर काहीही नको. दुसरी आगीतून. ३० बाय ३५ बाय ६ सेंमीच्या ट्रेमध्ये तळाला १ सेंमी पाणी, त्यावर पेट्रोल ओतून एकूण उंची किमान ४ सेंमी, पेटवून ३० सेकंद मोकळं जळू द्यायचं, मग रिंग ट्रेच्या काठापासून २५ सेंमी वर धरून २ सेकंदांत ज्वाळांतून न्यायची. बाहेर आल्यावर ती जळत राहता कामा नये, वितळत राहता कामा नये. काळी पडली तरी चालते.

आणि इतकं सोसलेल्या त्याच दोघी रिंगा १४.५ किलो लोखंड घेऊन २४ तास तरंगल्या पाहिजेत. नवीकोरी रिंग टाकीत सोडून 'आमची तरंगते' म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. शेवटी ताकद: ५० मिमी रुंद पट्ट्याने रिंग टांगायची, समोरच्या बाजूला तसाच पट्टा घालून त्याला ९० किलो वजन, अर्धा तास. तडा नको, कायमचा वाकही नको.

माझा सल्ला असा की अधिकृत चाचणीआधी चार रिंगा घेऊन हे सगळं आपल्या खर्चाने एकदा करून बघा. तापमानासाठी चेंबर भाड्याने मिळतो. आगीची चाचणी मात्र अग्निशमनाची तयारी असलेल्या माणसांच्या हातूनच करा. कारखान्याच्या मागच्या अंगणात पेट्रोल पेटवायचं धाडस नको.

प्रमाणपत्र आलं, आता ते वाचा

मॉड्यूल बी, म्हणजे नमुन्याची ही तपासणी, पूर्ण झालं की ईयू टाइप एक्झामिनेशन सर्टिफिकेट येतं. लोक ते फ्रेम करून रिसेप्शनला लावतात. त्याच्या दुसऱ्या पानावर मॉडेल, ड्रॉइंग नंबर, मटेरियल, वापराच्या मर्यादा आणि मुदत असते. मुदत बहुधा पाच वर्षांची. ड्रॉइंगच्या रिव्हिजनमध्ये एका अक्षराची चूक असली तरी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

आणि हो, नुसत्या या सर्टिफिकेटच्या जोरावर मालावर अजून व्हील मार्क लावता येत नाही. नमुना पास झालाय, माल नाही. त्यासाठी दुसरं मॉड्यूल लागतं.

डी, ई की एफ

डी म्हणजे उत्पादनाची पूर्ण क्वालिटी व्यवस्था तपासून घेणं, ई म्हणजे शेवटच्या तपासणीची व्यवस्था. दोन्हींत नोटिफाइड बॉडी ऑडिट करते आणि नंतर नियमित येत राहते. एफ म्हणजे प्रॉडक्ट व्हेरिफिकेशन: प्रत्येक नग, किंवा लॉटमधून काढलेले नमुने, नोटिफाइड बॉडी स्वतः तपासते आणि त्या मालापुरतं सर्टिफिकेट देते.

वर्षाला दोन-तीन लॉट निघणार असतील तर एफ घ्या. दर महिन्याला माल जाणार असेल तर डी परवडतं, आणि आयएसओ ९००१ आधीच असेल तर अर्धं काम झालेलं असतं. पहिल्याच वर्षी डीच्या मागे लागून मॅन्युअलचे गठ्ठे लिहिणारी युनिटं मी बघितलीत. गठ्ठे तयार होतात, ऑर्डर दुसरीकडे जाते. एफमध्ये सर्वेअर तुमचा माल हातात घेऊन बघतो; त्यातून जे शिकायला मिळतं ते कोणतंही ट्रेनिंग शिकवत नाही.

सर्वेअर येतो तो दिवस

लॉट एकजिनसी हवा: एकच साचा, एकच फोमची बॅच, एकच टेप. दोन बॅचेस मिसळल्या असतील तर दोन लॉट करा आणि तसं सांगा. नमुने सर्वेअर निवडेल. अनुभवी सर्वेअर वरच्या थराला हात लावत नाही, रॅकच्या तळातून काढायला सांगतो. तेव्हा तोंड वाकडं करू नका.

टेबलावर सर्टिफिकेटची प्रत, ड्रॉइंगची चालू रिव्हिजन, मटेरियलची बिलं आणि टेस्ट सर्टिफिकेटं, वजनकाटा, मोजपट्टी आणि कॅलिपर तयार ठेवा. प्रत्येक उपकरणाची कॅलिब्रेशनची तारीख आदल्या दिवशी बघा. एकदा आमच्या काट्याचं स्टिकर बारा दिवसांपूर्वी संपलेलं निघालं. काटा बरोबर होता, रिंगा बरोबर होत्या, सर्वेअर सभ्य होता. पण त्याने त्या काट्यावरचा एकही आकडा लिहिला नाही. शेजारच्या युनिटमधून दुसरा काटा आणेपर्यंत दुपार झाली. चूक माझी होती, तक्ता माझ्याच टेबलावर होता.

सर्वेअर वजन घेतो, व्यास मोजतो, दोरी मोजतो, टेप ओढून बघतो, शिवण बघतो, एखाद-दोन रिंगा तरंगवून बघतो. मग शांतपणे मटेरियलची यादी उघडतो आणि विचारतो, 'फोम कुठला?' सप्लायर बदललेला असेल तर तिथेच काम थांबतं. लॉट नापास झाला तर तो बाजारात जाऊ नये हे बघणं नोटिफाइड बॉडीचं काम. आणि वारंवार नापास झाला तर नमुन्यावरची तपासणीच स्थगित होऊ शकते.

चिन्ह आणि घोषणापत्र

व्हील मार्क उत्पादनाच्या शेवटच्या टप्प्यावर लावायचा. उंची किमान ५ मिमी, दिसेल, वाचता येईल आणि पुसलं जाणार नाही असा. त्यापुढे नोटिफाइड बॉडीचा नंबर आणि चिन्ह लावल्याचं वर्ष. नंबर उत्पादनाची तपासणी करणाऱ्या संस्थेचा. मॉड्यूल बी एकीकडे आणि एफ दुसरीकडे केलं असेल तर एफवाल्यांचा. जुन्या वर्षाची उरलेली लेबलं जानेवारीत चिकटवू नका. हा मोह स्टोअरला हटकून होतो. जहाजाचं नाव आणि नोंदणीचं बंदर रोमन मोठ्या अक्षरांत लिहायचं काम जहाजवाल्यांचं, त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवा.

सोबत तुमच्या सहीचं डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी, म्हणजे माल नियमाप्रमाणे असल्याचं घोषणापत्र. त्याची प्रत रिंग उतरवली जाईपर्यंत जहाजावर राहते. सही करणाऱ्याने खाली काय लिहिलंय ते वाचून सही करावी, कारण या कागदाने जबाबदारी सर्वेअरची राहत नाही, तुमची होते. तुमच्याकडे टेक्निकल फाइल आणि घोषणापत्र चिन्ह लावल्यापासून किमान १० वर्षं ठेवायचं, आणि वस्तूचं आयुष्य त्याहून जास्त असेल तर तेवढी वर्षं.

खरेदी विभागाला कुलूप

सर्टिफिकेट वाया जातं ते बहुधा प्रयोगशाळेत नाही, खरेदीच्या टेबलावर. दोरी मीटरमागे दोन रुपयांनी स्वस्त मिळते, 'तीच आहे साहेब, फक्त ब्रँड वेगळा' असं कुणीतरी म्हणतं, आणि त्या दिवसापासून तुमची रिंग सर्टिफिकेटवरची रिंग राहत नाही. बदल करूच नये असं नाही. आधी नोटिफाइड बॉडीला कळवा. ती सांगेल की नुसतं पत्र पुरे, एखादी चाचणी पुन्हा, की सगळंच पुन्हा. आमच्याकडे ईआरपीमध्ये (खरेदी-साठ्याच्या कॉम्प्युटर प्रणालीत) या मटेरियलच्या कोडपुढे तांबडी खूण आहे आणि क्वालिटीच्या सहीशिवाय सप्लायर बदलता येत नाही. ईआरपी नसेल तर वहीवर लाल पेन चालतं.

मुदत संपायच्या वर्षभर आधी नूतनीकरणाला हात घाला. मधल्या काळात नियम बदललेला असतो आणि एखादी चाचणी वाढलेली असते.

टाइप टेस्टच्याच लॉटमधली एक रिंग मी टॅग लावून कपाटावर ठेवली आहे. प्रत्येक नव्या लॉटची पहिली रिंग निघाली की ती खाली उतरवायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या: शिवण, रंग, लूप, टेपची जागा. पाचेक वर्षांत तिची टेप पिवळट पडते आणि कुणीतरी उत्साही पोरगा नवी लावायला निघतो. त्याला थांबवा. ती रिंग दुरुस्तीची नाही.